गॅसचा डबा

बॉनेट उचलून त्याला सळईचा टेकू देत एलियुद म्हणाला, "इंजिन चालू कर. एसी पूर्ण सोड, पंखाही."

"राहू दे रे," गाडीत बसलेली त्याची बायको मिग्दालिया म्हणाली. मांडीवर पातेलं, पातेल्यात तुरीच्या शेंगा. उद्या तीन राजांचा सण, आणि ओल्या तुरीच्या भाताशिवाय तो होत नाही. "काल रात्री तर विमानातून उतरलास. पाठ टेक जरा. मला उकाड्याची सवय झालीय."

"म्हणजे तू इथे भट्टीत बसून फिरणार, आणि मी तिकडे उत्तरेत बर्फात उभा राहून कोंबड्या सोलणार? सप्टेंबरात फोनवर कोण रडत होतं, हवा गरम येते म्हणून? तेव्हाच सांगितलं होतं, कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आलो की भरतो."

"तुझा हुकूम मोडला आहे का कधी मी?" ती हसली. नखाखाली एक शेंग तडकली.

इंजिन सुरू झालं. घरापुढच्या छपराखाली, पोन्से शहराच्या त्या जानेवारीतल्या उन्हात, पत्रा थरथरू लागला.

गाडी म्हणजे गळकी घागर. दर वर्षी या सणाला एलियुद घरी यायचा, निळ्या नळीने तिच्यात एसीचा गॅस भरायचा आणि परत जायचा. मग मिग्दालिया बाजारात जावो की माहेरी, त्याने भरलेल्या गारव्यातून जायची. तिकडे कोंबड्यांच्या कारखान्यात बोटं बधिर झाली की तो मनाशी तेवढंच घोळवायचा.

हात पुसून तो वाकला. गॅसच्या नळीचं तोंड हाताला लागलं आणि तो थांबला.

टोपणावर लाल चिकटपट्टी होती. गेल्या सणाला त्याने काळी लावली होती.

पट्टीचं टोक दुमडलेलं होतं, त्रिकोणी, पुढच्या वेळी नख लावताच सुटावं असं. ही दुमड एलियुदने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. रादामेसला. एलियुदच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून त्याचा कोंपाद्रे, एकाच डोहात पोहायला शिकलेला जिवाचा मित्र. आज सकाळीच फोनवर म्हणाला होता, "वर्षभर तुमच्या गल्लीत पाऊल नाही टाकलं रे, कामाचा रगाडा. वहिनी रागावली असेल माझ्यावर."

एलियुदने पट्टी सोडवली. निळी नळी गाडीतल्या नळीच्या तोंडाला जोडली. तिच्यावरच्या मीटरचा काटा उठला, गॅस भरलेला असल्याच्या हिरव्या पट्ट्यात गेला आणि तिथेच स्थिर राहिला. गॅसचा डबा अजून त्याच्या पायाशी होता, सील न फोडलेला.

त्याने ॲल्युमिनियमच्या नळीवर तळवा ठेवला. गार. माठाला सुटतं तसं तिला पाणी सुटलं होतं.

"गॅरेजला नेली होतीस का गं मध्ये?"

"मी? घरचा मिस्त्री सोडून त्या लुटारूंच्या दारात कशाला जाऊ?"

"मग दुसऱ्या कुणी बघितली?"

"दुसरं कोण बघणार?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा भरभर.

"हवा कशी येतेय?" त्याने विचारलं.

"गरम रे! तोंड भाजतंय नुसतं."

नळीवरून एक थेंब ओघळला आणि त्याच्या मनगटावर पडला.

आणखी एकच प्रश्न उरला होता. तो जिभेवर आला. आत घरात मुलीने, रात्री भेटवस्तू घेऊन येणाऱ्या राजांच्या उंटांसाठी खोकंभर गवत पलंगाखाली ठेवलं होतं. संध्याकाळी तिची आजी येणार होती, मावश्या येणार होत्या, उद्या दुपारी गिटार घेऊन कोंपाद्रे येणार होता. परवाचं परतीचं विमान होतं.

बॉनेटच्या आड त्याने पायाशी असलेला डबा उचलला. आतला गॅस डुचमळला, लहान मुलाच्या पोटात पाणी वाजावं तसा.

"भरतोय गं," तो ओरडला.

आणि डबा हलवू लागला, दर वर्षी भरताना हलवायचा तसाच, वरखाली, आडवातिडवा. नळीला न जोडता. हात भरून येईपर्यंत हलवला. मग थांबला.

"आता?"

मग ती म्हणाली, "आता... हां, आता जरा बरं वाटतंय."

त्याने डोळे मिटले. पुन्हा हलवला.

"आता?"

"आलं, आलं! अगं बाई, किती गार! एलियुद, तुझ्या हाताचा गुणच वेगळा. तू भरल्याशिवाय या गाडीत जीवच येत नाही बघ."

त्याने निळी नळी काढली. टोपण लावलं. पट्टी न गुंडाळताच बॉनेट खाली सोडलं, आणि दोघं काचेतून समोरासमोर आली.

मिग्दालियाने खिडकीतून हात बाहेर काढला. दंडापासून मनगटापर्यंत शहारे होते, बराच वेळ गार वाऱ्यात बसलेल्या माणसाच्या अंगावर असतात तसे.

"बघ, हात लावून बघ. कशी गारठलेय!"

तो जागचा हलला नाही.

"किती लागला रे गॅस?" तिने विचारलं.

एलियुदने जड डबा पाठीमागे धरला.

"अख्खा डबा," तो म्हणाला.