तिसरा हिसका

जर्मनीतल्या साले नावाच्या नदीकाठच्या कारखान्यात वितळलेल्या नायलॉनचा धागा वरच्या मजल्यावरून खाली सोडत. खालची बाई तो रिळावर घेऊन, धागा मिळाल्याची दोन हिसक्यांची खूण देई. रसायनतज्ज्ञ ऑर्टविनची पत्नी गेर्लिंड खाली रिळावर असली की तिसराही देई, केवळ वरच्या त्याच्यासाठी. तुटलेला धागा सोडवताना यंत्राने तिला गिळले. तेव्हापासून नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्यांची लांबी आम्लाने आवरून न तुटणारा धागा काढायचा, या हट्टाला तो पेटला होता. आज कारखान्याने दिलेली अखेरची संधी होती. धागा अखंड उतरला. वर धागा धरलेल्या ऑर्टविनच्या बोटांना दोन हिसके जाणवले; मग तिसरा. "पोरी, थट्टा पुरे!" खाली रिळावर नेमलेल्या हाइकेला उद्देशून तो ओरडला. "थट्टा कसली, डॉक्टरसाहेब?" मागून कॉफी घेऊन आलेली हाइके म्हणाली. "खाली कुणीच नाही." धागा ताणला गेला. तिने घाबरून कात्री पुढे केली. "कापा ना!" ऑर्टविनने कात्री खिशात टाकली आणि हलकेच उलट हिसका दिला.