बारा फुटांचा रस्ता

"यातली एकच लाइन राहील, काका," कीर्ती म्हणाली. "कंपनीनं तसं ठरवलंय."

मंद्रूपच्या हॉटेलात सिद्धप्पा आणि नवनाथ दोन वेगळ्या टेबलांवर बसले होते. गावातल्या इंटरनेटचे हे दोन मालक. चौदा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. एकाची तार गेलेल्या गल्लीत दुसरा पाय ठेवत नसे. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीनं दोघांचाही धंदा विकत घेतला. आता ज्याची लाइन राहील, त्यालाच काम मिळणार होतं.

कीर्ती कंपनीची इंजिनिअर. दोन दिवस ती दोन्ही लाइनींवरून गाडीनं फिरली. सिद्धप्पाची फायबर, म्हणजे उजेडावर इंटरनेट वाहून नेणारी काचेची तार, सोलापूरहून विजापूर रोडनं सरळ आली होती. त्याच्या खांबांना हात लावायचा नाही, म्हणून नवनाथनं आपली सोलापूरहूनच, पण अक्कलकोट रोडनं, वळसंगवरून, लांबचा वळसा घालून आणली होती.

तिसऱ्या दिवशी तिनं दोघांना माळी गल्लीत बोलावलं. या भिंतीवर सिद्धप्पाची लाइन संपत होती, समोरच्या भिंतीवर नवनाथची. मधे बारा फुटांचा रस्ता. हातातल्या नकाशाकडं ती बघतच राहिली.

"हे तुम्ही दोघांनी ठरवून केलं?"

"ह्याच्याशी? ठरवून?" नवनाथ उसळला.

"मग भांडून केलंत. पण काका, एवढे बारा फूट जोडले की गोल पूर्ण होतो. एकीकडं तुटलं तर उजेड दुसरीकडून फिरून येतो. असा गोल आखायला आमची मोठमोठी माणसं बसतात! कंपनीला मी सांगते, एकही लाइन काढायची नाही."

रस्त्यावरून तार ओढून दोन्ही लाइनींच्या केसाएवढ्या दोन काचा तिनं मशिनमध्ये समोरासमोर धरल्या. बारीक ठिणगी उडाली. दोन्हींची एक झाली.

मग तिघं सिद्धप्पाच्या दुकानात आले. "आता सोलापूरकडची फायबर काढा," ती म्हणाली.

ती तार निघाली तर निम्मं गाव बंद पडतं, हे सिद्धप्पाला पाठ होतं. त्यानं डोळे मिटून ती काढली आणि घरी बायकोला फोन लावला.

"काशम्मा, नेट गेलं का?"

"न्हाय की. मालिका बघतीया. ठेवा फोन."

सिद्धप्पानं फोन खिशात ठेवला. मग तो वळला.

"नवनाथ," तो म्हणाला, "माझ्या घरात आत्ता तुझा उजेड हाय."