माश्यांचं औषध

"पंडितभाई, हवे माखी ज नथी, तो दवा कोने छांटवी?" शेठ हसत म्हणाले.

माशीच उरली नाही, तर औषध मारायचं कुणावर, या बोलण्यावर पंडित आणि त्याची बायको भागीरथी, दोघंही हसली. भेस्तानच्या या तबेल्यात चाळीस म्हशी होत्या आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर माश्यांचे थर बसायचे. म्हशी पाय आपटायच्या, दूध चोरायच्या. पंडित दिवसातून दोनदा पाठीवर पंप घेऊन औषध मारायचा. सहा वर्षं त्याने ते हुंगलं होतं. हातांना कंप सुटला होता, भाकरीचा तुकडा तोंडाशी नेता नेता खाली पडायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, औषध सोडा, नाहीतर हा माणूस वर्ष काढणार नाही.

म्हणून भागीरथीने माहेरून, अमळनेरहून, नऊ कोंबड्या आणल्या. शेठनी आधी नाक मुरडलं. पण कोंबड्यांनी शेणाचा ढीग उकरून अळ्या वेचल्या, म्हशींच्या पायांत फिरून गोचीड टिपले. माश्या जन्मायच्या आधीच संपल्या. म्हशी निवांत रवंथ करू लागल्या. पंडितच्या हातात भाकरी टिकू लागली.

शेठचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. फवारणीला आता माणूस लागणार नाही. कामाबरोबर दिलेली खोली महिनाअखेर रिकामी करा. कोंबड्या तेवढ्या इथेच राहू द्या.

"आते कोठे जासूत?" खोलीत आल्यावर पंडितने विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तो पांडेसऱ्यातल्या कापडाच्या मिली हिंडला. हात बघून सगळ्यांनी परत पाठवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना, बोलेना.

चौथ्या दुपारी भागीरथीने बाजरीत फवारणीचं उरलेलं औषध कालवलं. हाक मारताच आठ कोंबड्या धावत आल्या. तिच्या हातच्या दाण्याची त्यांना सवय होती. नववी खुडूक होती, अंड्यांवरून उठेना. भागीरथी तिच्यापाशी जाऊन बसली आणि मूठ तिच्या चोचीपुढे उघडली.

शेठना वाटलं, रोग आला. शहरात प्लेग येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली होती, पण धास्ती गेली नव्हती. त्यांनी मेलेल्या कोंबड्या चुना टाकून पुरायला लावल्या आणि तबेल्यात पुन्हा एक पीस दिसता कामा नये म्हणून बजावलं.

आठवड्याभरात माश्या परतल्या. शेठनी पंडितला बोलावून घेतलं.

तो जवळजवळ पळतच परत आला. कित्येक दिवसांनी त्याने अंघोळ केली होती, केस विंचरले होते.

"देवनी आयकं आपलं," तो म्हणाला. "आते कोठेच जानं नही."

त्याने पंप पाठीला लावला आणि नवी बाटली तिच्यापुढे धरली.

"उघाडी दे व, मी पट्टा बांधस."

भागीरथीने बाटली घेतली आणि उघडून दिली.