नसलेला कण

मंगळवारी तो चौकातल्या गर्दीत दिसेनासा झाला, तेव्हा त्याच्या मागावर असलेली त्याची बायको रस्त्याच्या अलीकडेच अडकली होती. तासाभराने तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, ऐन सुटायच्या वेळेला लिफ्ट अडकली, आत माणसं होती. तिने मान डोलावली. मग त्याचा शर्ट धुवायला टाकायच्या निमित्ताने न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि कॉलर नाकाशी धरली. ग्रीसचा वास होता, घामाचा होता आणि पेपरमिंटच्या गोळीचा होता.

माणूस पेपरमिंट कशासाठी चघळतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सात वर्षांपूर्वी कामावर त्याच्या जोडीदाराचा हात डोळ्यांदेखत लिफ्टच्या यंत्रात सापडला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याला दोन घोट लागू लागले. दोनाचे चार कधी झाले ते दोघांनाही कळलं नाही. त्या काळात घरभर पेपरमिंटचाच वास असे. चौदा महिन्यांपूर्वी त्याने बाटली सोडली. म्हणजे सोडली असं तो म्हणाला.

ती औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. प्रत्येक बाटली आधी पांढऱ्या पाटीसमोर धरायची, मग काळ्या पाटीसमोर. आत केसाएवढा कण दिसला तरी बाटली बाद. थकलेल्या डोळ्याला नसलेला कणही दिसतो, म्हणून तिथे दर वीस मिनिटांनी घंटा होते आणि सगळ्याजणी हात खाली ठेवून डोळे मिटून बसतात. तिची नजर कारखान्यात सर्वांत तिखट, असं मुकादमबाई चारचौघात सांगत.

हीच नजर ती घरी घेऊन येई. पिठाच्या डब्यामागे, गाद्यांच्या खाली, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, संडासाच्या टाकीत. चौदा महिन्यांत काही सापडलं नाही. दुसरी असती तर सुखाने झोपली असती. हिला वाटे, पठ्ठ्या आता लपवण्यात पटाईत झालाय.

बुधवारी तिने त्याच्या साहेबांना फोन लावला. मंगळवारी कुठलीही लिफ्ट अडकली नव्हती. साहेब उलट कौतुकाने सांगत होते की हल्ली तो अगदी वेळेवर सुटतो. तिने फोन ठेवला. मोठ्या जावेला सांगितलं, तर ती म्हणाली की सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तू आपली बहिणीकडे निघून जा. त्या दिवशी तिने कामावर बारा बाटल्या बाद केल्या. मुकादमबाईंनी त्या पुन्हा पाटीसमोर धरल्या, तर एकीतही काही नव्हतं. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, झोप झाली नाही.

शुक्रवारी तिने चार कपडे पिशवीत भरले आणि मनाशी ठरवून टाकलं. आज त्याच्या हातात बाटली दिसली की तिथूनच बहिणीकडे. आपण होऊन संसार मोडायचा, या विचाराने तिचा जीव तुटत होता, पण रोज कॉलर हुंगत जगण्यापेक्षा ते बरं असं तिला वाटलं.

तो वेळेवरच सुटला आणि ती त्याच्या मागोमाग निघाली. आज त्याची चाल विचित्र होती. एका दुकानाच्या काचेसमोर उभं राहून त्याने केस नीट केले. चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली. चौकात रस्ता मोकळा असूनही तो ओलांडेना. वाकून बुटाची नाडी बांधत बसला. ती जवळ येईपर्यंत ती नाडी काही सुटेना की बांधली जाईना. गुन्हेगाराचे पाय जड होतात म्हणतात, ते हेच, असं तिला वाटलं.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला एक जिना होता. तो वर गेला आणि दार उघडंच टाकून आत शिरला. ती पिशवी छातीशी धरून दाराआड उभी राहिली. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, आठ-दहा माणसं, मधल्या स्टुलावर चहाचे कप आणि एका बशीत पेपरमिंटच्या गोळ्या. बाटली कुठेच नव्हती. एक पोरगेलासा माणूस सांगत होता की प्यावंसं वाटलं की तो घरातली सगळी भांडी घासून काढतो. शेजारचे आजोबा म्हणाले, माझ्याकडे या एकदा, आणि सगळे हसले.

तिला आठवलं. दारू सोडणाऱ्यांच्या या बैठकीचं त्याने मागे एकदा घरी विचारलं होतं, तूही चल म्हणाला होता. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, असं तिनेच त्याला फटकारलं होतं. मग लिफ्ट अडकू लागली होती.

"एक खुर्ची जास्त झालीय," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "काढू का?"

"राहू द्या," तो म्हणाला. "माझी बायको बाटल्या तपासते. त्यांच्याकडे दर वीस मिनिटांनी घंटा होते, डोळे मिटायला. घरी चौदा महिने ती मला तपासतेय. तिच्यासाठी कुणी घंटाच वाजवली नाही."

दाराआड तिला रडू आवरेना. पिशवी हातातून कधी सुटली ते कळलंही नाही.

"मग खुर्ची कुणासाठी?"

"तिच्यासाठीच. मंगळवारी ती चौकात मागे राहिली," तो म्हणाला. "म्हणून आज मी हळू चालत आलो."