रुक्मिणीकाकीचा स्केटबोर्ड

बोटाने फिरवलेलं चाक दोन फेरे मारून कर्रर्र करत थांबलं. चारही चाकांची तीच गत. मंगेशने स्केटबोर्ड उलटा करून गॅरेजच्या बाकावर टाकला.

"काकी, आत रेती गेली आसा. त्यात हो खारो वारो. म्हयन्यात ही तिसरी खेप तुझी."

रुक्मिणीकाकी स्टुलावर बसून होती. वय चोपन्न. पहाटे किनाऱ्यावर मासे घ्यायचे आणि देवबागच्या होमस्टेंमध्ये पोचवायचे, हा तिचा धंदा. बोर्ड तिच्या मुलाचा, गंधारचा. तो जहाजावर नोकरीला गेल्यापासून काकी त्यावर माशांचा क्रेट ठेवून दोरीने ओढत नेते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मंगेशने चाकं काढली. आतली बेअरिंगं पेट्रोलमध्ये बुडवली, ब्रशने घासली, फुंकर मारून वाळवली आणि एकेक थेंब तेल सोडलं. आता चाक भिंगरीसारखं फिरू लागलं. पण पुढच्या आठवड्यात काकी पुन्हा दारात उभी राहणार, हे त्याला दिसत होतं. त्याला तिची दया आली.

"काकी, एकदाच काय ता पक्का काम करून देतंय. ह्या सगळा काढून टाकूया. हातगाडीची मोठी चाका लावतंय, सरळ लोखंडी दांडो घालतंय. हलाचा नाय, डुलाचा नाय. क्रेट कधी पडाचो नाय."

काकीचा चेहरा उतरला. "डुलाचा नाय म्हणजे वळाचा पण नाय?"

"वळवूक कित्याक व्हया? उचलून फिरव."

"नको रे. आसा तसाच ऱ्हवांदे."

"तुझ्या कमरेसाठी सांगतंय मी."

गंजलेले बोल्ट कापायला मंगेशने ग्राइंडर आणला आणि त्याची पिन सॉकेटमध्ये लावली. काकी स्टुलावरून अर्धी उठली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, रस्त्याकडे पाहिलं आणि परत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ग्राइंडर टेकवणार, एवढ्यात मंगेशची नजर चाकांच्या दांड्याखालच्या रबरावर गेली. बोर्ड वळताना दबतं ते हे रबर. डावीकडून पार चेपलं होतं. उजवीकडे मात्र नव्यासारखं. त्याच्या कपाळाला आठी पडली. क्रेट काही एकाच बाजूला झुकत नाही.

त्याने बोर्ड सुलटा केला. वर चिकटवलेला खरखरीत कागद क्रेटने कोपऱ्यांत झिजायला हवा होता. कोपरे शाबूत होते. कागद झिजला होता तो मधे, दोन जागी. मंगेशने त्यातल्या एका जागेवर हात ठेवून माप घेतलं. पाच बोटं, टाच. लहानसं पाऊल.

त्याने ग्राइंडरची पिन काढली.

"काकी," तो हळूच म्हणाला, "ह्येच्यार कोण उभ्यान जाता?"

काकीने पुन्हा रस्ता पाहिला. कोणी नव्हतं. मग तिला हसू आवरेना. पदर तोंडावर घेऊन ती इतकी हसली की स्टूल कुरकुरलं. हसतच तिने कोपर पुढे केलं. त्यावर अर्धवट वाळलेली खपली होती, आणि ती दाखवताना काकीची मान अशी ताठ होती, जशी गंधारच्या पहिल्या नोकरीची बातमी सांगतानाही नव्हती.

मंगेशही हसत सुटला. हसता हसताच त्याने पाना उचलला.

"रबर नवा घालतंय. आणखी काय तक्रार आसा?"

काकी स्टूल ओढून जवळ आली.

"डावीकडे झ्याक वळता रे," ती म्हणाली. "उजवीकडे अजून जमना नाय. रबरातलो मधलो बोल्ट जरासो ढिलो कर."