बिनगुळाची कढी

गूळ घालायच्या आधी प्रमिलाबाईंनी वाटीभर कढी बाजूला काढली आणि तीन ताटं वाढली.

"कोण येणार आहे?" यशवंतरावांनी बायकोला विचारलं.

त्या ओशाळल्या. काल त्यांची कादंबरी लिहून संपली होती. शेवटच्या प्रकरणात त्यातला तरुण तापाने गेला होता, पण त्यांच्या मनातून काही जात नव्हता.

"त्याला गोड कढी चालत नाही," त्या पुटपुटल्या आणि तिसरं ताट उचलू लागल्या.

"राहू दे." यशवंतरावांनी ती वाटी जवळ ओढली. हस्तलिखित त्यांनी सकाळीच वाचलं होतं. त्यांनी कढीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आपलं पोर वाचवणं आपल्या हातात नव्हतं," ते म्हणाले. "पुस्तकातलं तरी तुझ्या हातात होतं."