फायनलचा चमनगोटा

संघ मैदानात उतरला आणि मेधाला आपला मुलगा सापडेना.

एरवी तन्मयला शोधावं लागत नसे. डोक्यावरच्या कुरळ्या जंगलामुळे तो कुठूनही दिसायचा. आज मात्र खाली रांगेत उभी राहिलेली सगळीच मुलं चकोट होती. उतरत्या उन्हात त्यांची डोकी नुकत्याच घासलेल्या पातेल्यांसारखी चमकत होती. त्यांना बघून पांढऱ्या टी-शर्टांतलं अख्खं ज्युनिअर कॉलेज आरोळी ठोकत उभं राहिलं. ड्रम वाजायला लागले. हजारभर पोरांनी एकदम पाय आपटले तशी स्टेडियमची पायरी मेधाच्या बुडाखाली हादरली.

शेवटी तिने त्याला चालीवरून ओळखलं. डावा खांदा किंचित पुढे, थेट बापासारखा.

"अरे प्रबोध, तो बघ तन्मय!"

प्रबोधने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "अरे वा, चमनगोटा!"

"वा काय? तू धडधाकट इथे बसलायस आणि पोराने डोकं भादरलंय!"

मेधा एका बँकेत कर्ज बुडण्याच्या शक्यता मांडायचं काम करायची. परदेशात आल्यावर पुंगोलच्या फ्लॅटमध्ये ती भर अमावास्येला राहायला गेली होती आणि त्यावरून सासूबाई बोलल्या तेव्हा फोनवर हसलीही होती. बाप असताना मुलाने सगळं डोकं उतरवायचं नाही, हे तिला कोणी, कधी सांगितलं होतं ते आठवेना. तरी आता तिने प्रबोधचं मनगट घट्ट धरलं.

तन्मय दोन दिवस सरावासाठी क्लेमेंटीला मित्राकडेच राहिला होता. काल व्हिडिओ कॉलवर टोपी घालून बसला होता. घरात कसली टोपी, असं तिने विचारलंसुद्धा होतं. "एसी इज सो कोल्ड लाह, आई," म्हणाला होता.

"म्हणजे त्याला पक्कं ठाऊक होतं मला काय वाटेल ते," मेधा म्हणाली. "घरी येऊ दे. एक शब्द बोलणार नाही मी त्याच्याशी."

शब्द कळले नाहीत, तरी सूर शेजारच्या बाईंना बरोबर कळला. त्या मिसेस कोह, गोलकीपरची आई. त्यांनी मेधाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माय सन ऑल्सो बोटाक," स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "यू डोन्ट स्कोल्ड हिम, हॉर."

मग त्यांनी सांगितलं. संघातल्या इळंगोचे वडील गेल्या आठवड्यात कामावर असतानाच गेले. तो थोरला, त्यामुळे विधीसाठी त्याने डोकं भादरलं. आई म्हणाली, जा, खेळ, पप्पांना आवडलं असतं. तो म्हणाला, नाही जाणार, सगळे माझ्या डोक्याकडेच बघतील. दुसऱ्या दिवशी सरावाला एक मुलगा डोकं भादरून आला. मग संध्याकाळपर्यंत सगळे.

"द फर्स्ट वन," मिसेस कोह म्हणाल्या, "युअर सन."

खाली शिट्टी झाली, खेळ सुरू झाला.

मैदानाकडे बघतच प्रबोध म्हणाला, "बाबांचे दिवस करून परत आलो, तेव्हा मी टोपी घालून ऑफिसला जायचो. आठवतंय?"

"हो."

"कोणी काही विचारलं नाही. लिफ्टमध्ये सगळे मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे."

मेधाची पकड जरा सैल झाली, पण मनगट तिने सोडलं नाही.

मध्यंतरापर्यंत एक गोल अंगावर चढला होता. तरी पायऱ्यांवरची पोरं ओरडायची थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा आवाज बसला होता, तीही हातवारे करून सगळ्यांना ओरडायला लावत होती. मेधाला आता तन्मयपेक्षा इळंगोला बघायचं होतं. त्या मुलाला एकदा डोळे भरून बघावं, असं तिला फार वाटत होतं.

"व्हिच वन इज इळंगो?" खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तिने विचारलं.

मिसेस कोहनी डोळे बारीक केले, पुढे वाकल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. महिनोन् महिने उन्हात सराव करून सगळी पोरं एकाच रंगाची झाली होती.

"आय्यो," त्या म्हणाल्या, "फ्रॉम हिअर, कॅनॉट टेल लाह."

एवढ्यात पलीकडच्या गोलसमोर दोघे एकमेकांवर आदळले. एक उठून चालायला लागला. दुसरा, आपल्या संघाचा, गवतावर पालथाच पडून राहिला. ड्रम थांबले. एवढं मोठं स्टेडियम गप्प झालं.

मेधा ताडकन उभी राहिली. ओरडायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून तिने प्रबोधचं मनगट सोडलं आणि तोंडाभोवती हात धरले.

"ऊठ रे बाळा! ऊठ!"

पुढच्या रांगांतली पोरं वळून बघायला लागली.

प्रबोध दचकून उभा राहिला. "कोण आहे? तन्मय आहे का?"

"मला काय माहीत!" मेधा म्हणाली. "तूही ओरड."